व्हर्जिनियात घर: पत्ता अलेक्झांड्रियाचा, टॅक्स फेअरफॅक्स काउंटीचा?? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
न्यू जर्सीहून व्हर्जिनियाला शिफ्ट होतोय, किंग्जटाउनला एक टाउनहाउस आवडलंय. लिस्टिंगवर पत्ता अलेक्झांड्रिया आणि खाली टॅक्सच्या रकान्यात फेअरफॅक्स काउंटी, एजंटला विचारलं तर म्हणते दोन्ही बरोबर आहे. जर्सीत कसं, सगळं राज्य २१ काउंट्यांत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखं, वाटलेलं, एडिसन मिडलसेक्समध्ये, विषय संपला. इथे मात्र ऑफिसातला एकजण सांगतो की अलेक्झांड्रिया कुठल्याच काउंटीत नाही, आता हे काय नवीन? टॅक्स कोणाला भरायचा, शाळा कोणाची? इथल्याच व्हिएन्नातही एक घर बघून ठेवलंय, तिथे काय? नवरा म्हणतो सही करून टाक, नंतर बघू, पण मला आधी क्लिअर पाहिजे.

उत्तर १
ताई, ऑफिसवाले बरोबर सांगतायत. व्हर्जिनियात ९५ काउंट्या आणि त्यांच्या बाहेर ३८ स्वतंत्र शहरं, अलेक्झांड्रिया त्यातलंच. ही शहरं कायद्याने काउंटीच्या बरोबरीची, जनगणनेतही तशीच मोजतात. देशात अशी एकूण ४१ शहरं, व्हर्जिनियाबाहेरची तीनच, बाल्टिमोर, सेंट लुईस आणि कार्सन सिटी.
पण तुमचं घर शहरात नाहीच! पोस्टाचा पत्ता टपाल कुठून वाटतात त्यावरून ठरतो, हद्दीशी त्याचा संबंध नाही. किंग्जटाउन फेअरफॅक्स काउंटीत, टॅक्स आणि शाळा दोन्ही काउंटीची.
व्हिएन्ना 'टाउन' आहे आणि टाउन काउंटीच्या आतच असतं, म्हणून तिथे टाउन आणि काउंटी दोघांचाही टॅक्स.

उत्तर २
वरच्यांना +१. खरी गंमत फेअरफॅक्स सिटीत आहे, १९६१ पासून स्वतंत्र शहर, पण काउंटीचं कोर्ट तिथेच मधोमध आणि तेवढा तुकडा काउंटीचाच! शाळांच्या इमारती सिटीच्या आणि चालवते काउंटी, करार करून. नकाशा बघून डोकं गरगरतं.
काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या साइटवर घराचा पत्ता टाका, रेकॉर्ड निघालं की काउंटी पक्की, लिस्टिंगच्या भरवशावर राहू नका. आणि गाडीचा टॅक्स बजेटमध्ये धरलाय का? जर्सीत नसतो, इथे दरवर्षी गाडीच्या किमतीवर लागतो, काउंटी किंवा शहर जे असेल ते घेतं आणि दर प्रत्येकाचा वेगळा.

धागाकर्ती
खूप आभार दोघांचे! साइटवर पत्ता टाकला, काउंटीतच निघाला, व्हिएन्ना कॅन्सल. गाडीवर दरवर्षी टॅक्स हे मात्र नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, आमच्याकडे दोन गाड्या आहेत 😅