मदत हवी आहे: घरच्या सुतारकामासाठी सर्क्युलर सॉ घ्यावा की मार्बल कटरवरच भागवावे?

नमस्कार. गेली चार वर्षे मी पुण्यातील राहत्या घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत, सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करतो. पटाशी, रंधा, गुण्या आणि हातकरवत यांवर हात बऱ्यापैकी बसला आहे. आता मुलीच्या अभ्यासाच्या खोलीसाठी भिंतभर पुस्तकांचे कपाट करायचे आहे आणि त्यासाठी १९ मिमी जाडीच्या प्लायच्या आठ बाय चार फुटी चार शीट कापाव्या लागतील. हातकरवतीने एवढे लांब आणि सरळ काप घेणे मला जमणारे नाही.

माझ्याजवळ सध्या ११० मिमीचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला चार इंची म्हणतात तो मार्बल कटर आहे. फरशी कापायची चकती काढून त्याला लाकडाचे ४० दात्यांचे पाते बसवायचे, ही रीत मी आमच्या इमारतीत फर्निचरचे काम करणाऱ्या सुतारांकडे पाहिली आणि तीच उचलली. मात्र मागच्या महिन्यात दोन स्टुलांवर शीटची दोन टोके ठेवून मधोमध आडवा काप घेत असताना, शेवटचे वीतभर अंतर उरले तेव्हा शीट मध्ये खचली, चीर मिटली, पाते तिच्यात आवळले गेले आणि यंत्र हिसका देऊन माझ्या दिशेने उसळले. मी थोडा बाजूला उभा होतो म्हणून शर्टाची बाही फाटण्यावर निभावले. त्या दिवसानंतर मी यंत्राला हात लावलेला नाही.

माझी मूळ अडचण अशी की ही चूक माझी होती की यंत्राची, हेच मला नीट कळलेले नाही. सात इंची सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवर चालणारी हातातली करवत, घेतला तर हा धोका खरोखर कमी होईल का? एका ओळखीच्या सुतारांनी मार्बल कटर टेबलाखाली उलटा बसवून त्याचा टेबल सॉ (पाते टेबलातून वर आलेली करवत) करण्याचा सल्ला दिला आहे. तो कितपत योग्य आहे? लॅमिनेट लावलेल्या प्लायच्या कडेला ढलप्या उडतात, त्यावरही उपाय हवा आहे. मी डावखुरा आहे, हे उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.

प्रतिसाद

आपण थोडक्यात बचावलात, हे वाचून हायसे वाटले. जे घडले त्यात आधाराची चूक मोठी होती. शीट फक्त दोन टोकांवर टेकलेली असेल तर काप पुढे जाईल तशी ती मध्ये वाकते, चिरेची वरची बाजू मिटू लागते आणि पात्याचे मागचे, वर येणारे दाते लाकडात अडकून सगळे यंत्र मागे फेकतात. सात इंची सॉ असता तरी त्या मांडणीत तो उसळलाच असता. म्हणून यंत्र घेण्याआधी आधार बदला. जमिनीवर दोन इंच जाडीचे थर्माकोल पसरून त्यावर संपूर्ण शीट ठेवा आणि पाते शीटच्या खाली पाच-सहा मिमीच उतरेल एवढी खोली लावा. कापलेले दोन्ही भाग जागच्या जागी टेकलेले राहतात आणि चीर मिटत नाही.

तरीही मार्बल कटर लाकडासाठी वापरू नये, असेच माझे मत आहे. त्याचे संरक्षक कवच फक्त पात्याच्या वरच्या भागावर असते, खालचे दाते उघडेच राहतात. सर्क्युलर सॉला खाली स्प्रिंगवर फिरणारे दुसरे कवच असते, जे यंत्र लाकडावरून उचलताच आपोआप मिटते. शिवाय मार्बल कटरचे बटण बहुधा चालू स्थितीत अडकून राहते, तर सर्क्युलर सॉमध्ये बोट सुटले की वीज तुटते. वेगाचा फरकही मोठा आहे. ११० मिमीचे पाते मिनिटाला १२,००० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ६९ मीटर होतो, आणि सर्क्युलर सॉचे सात इंची, म्हणजे १८५ मिमीचे पाते ५,२०० फेऱ्यांनी फिरत असेल तर तो सुमारे ५० मीटर होतो. म्हणजे आकाराने लहान दिसणाऱ्या यंत्राचेच दाते अधिक वेगाने धावतात. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त आहे ना, हे आपण आजवर तपासले नसेल तर ते पाते आजच बाजूला ठेवा.

टेबलाखाली उलटा बसवण्याच्या सल्ल्याला माझा स्पष्ट विरोध आहे. चीर उघडी ठेवणारी, पात्यामागे उभी असणारी पट्टी त्यात नसते, कवच काढावे लागते, बटण बांधून ठेवले जाते, आणि उसळलेली फळी थेट पोटावर येते. या जुगाडात बोटे गमावलेले दोन कारागीर मी स्वतः पाहिले आहेत.

सरळ कापासाठी यंत्रापेक्षा पट्टी महत्त्वाची असते. सहा मिमी प्लायचा फूटभर रुंद, आठ फूट लांब तुकडा घ्या. त्यावर १२ मिमी प्लायची, कारखान्यातून आलेली सरळ कड असलेली पट्टी चिकटवा. मग सॉचा पाया त्या कडेला टेकवून खालचा तुकडा एकदा कापून घ्या. आता त्या तुकड्याची कड म्हणजेच आपल्या पात्याची रेघ. शिसपेन्सिलीच्या खुणेवर ती कड ठेवून क्लॅम्प लावला की मापे घेत बसावे लागत नाही. क्लॅम्प पट्टीच्या दोन टोकांना, सॉच्या वाटेबाहेर लावा, नाहीतर मोटर त्यांवर आपटते. याच कडेखाली वरचा पापुद्रा दाबून राहतो, त्यामुळे ढलप्या कमी होतात. सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येतात, म्हणून चांगली बाजू खाली ठेवावी आणि लॅमिनेटसाठी ६० दात्यांचे पाते वापरावे.

आपण डावखुरे आहात, हे तर सोयीचेच. बाजारातील बहुतेक सॉचे पाते मोटरच्या उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या हाताने धरल्यास रेघ स्पष्ट दिसते, मात्र भुसा चेहऱ्याकडे उडतो. चष्मा आणि एन-९५ मास्क लावाच, आणि हातमोजे घालू नका. लाकडाच्या धुळीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग करणाऱ्या घटकांत केली आहे, तेव्हा बंद खोलीत कापू नये. १,२०० ते १,४०० वॅटची मोटर पाच-सहा अँपिअर ओढते, त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट वापरावा.

धागाकर्ते

मनापासून आभार. एक शंका उरली आहे. पूर्ण शीट आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडते. बाल्कनीही जेमतेम नऊ फूट लांब आहे.

प्रतिसाद

मग पहिले काप घरी घेऊच नका. प्लायच्या अनेक दुकानांत, नाही तर मॉड्युलर फर्निचरच्या कारखान्यांत, पॅनेल सॉवर, म्हणजे पूर्ण शीट कापणाऱ्या मोठ्या यंत्रावर, काप करून देतात. कपाटाच्या उभ्या बाजू आणि आडव्या फळ्या अंतिम मापापेक्षा पाच मिमी जास्त रुंद व लांब ठेवून तिथेच कापून आणा. घरी फक्त शेवटची कड पट्टीला टेकवून काढा. एवढ्याने निम्मा धोका आणि बहुतांश भुसा इमारतीबाहेर राहील, आणि दहा-बारा फुटांची मोकळी जागाही लागणार नाही. सॉ घ्यावाच लागेल, परंतु दुकानाच्या मापपत्रकाशी आपली मापे जुळवून पाहण्याआधी घाईने घेऊ नका. मापपत्रक इथे टाकलेत तर मी पाहीन.