'कास्ता' म्हणजे जात का?

प्रश्न : मेक्सिकोच्या वसाहतकाळावर मराठीत लेख लिहिते आहे. पेनिन्सुलार, क्रिओयो, मेस्तिसो आणि मुख्य म्हणजे 'कास्ता' या शब्दांशी अडले आहे. 'स्पॅनिश जातिव्यवस्था' असं सरळ लिहिलं तर चालेल का?

उत्तर : कृपा करून तसं लिहू नका. 'कास्ता' हा इबेरियातला शब्द. वंश, वाण या अर्थाने तो जनावरांनाही लावत. पोर्तुगीजांनी इथे येऊन तो आपल्या जातींना लावला, त्यातून इंग्रजी 'कास्ट' निघाला, आणि आता आपण त्याच वाटेने 'जात' हा अर्थ मेक्सिकोवर लादतो. तिथल्या बहुतेक कागदपत्रांत 'लास कास्तास' म्हणजे स्पॅनिशही नव्हेत आणि इंडिओही (अमेरिकेचे मूळ रहिवासी) नव्हेत असे मिश्रवंशीय. आपल्याकडे ब्राह्मणालाही जात असते. तिथे स्पॅनिश माणूस स्वतःला कास्तांत मोजत नसे.

शिवाय जात बदलत नाही, कास्ताची नोंद बदलू शके. स्वातंत्र्ययुद्धाचे नेते मोरेलोस मिश्रवंशीय होते, पण १७६५ मध्ये बाप्तिस्म्याच्या वहीत त्यांची नोंद 'स्पॅनिश' अशी झाली. १७९५ च्या दरपत्रकानुसार 'पार्दो' (आफ्रिकी मिश्रवंशीय) असण्यातून राजाकडून सूट विकत घेता येई, आणि काराकासच्या (आजच्या व्हेनेझुएलातलं शहर) क्रिओयो, म्हणजे अमेरिकेत जन्मलेल्या स्पॅनिशांच्या, नगरसभेने त्याला कडाडून विरोध केला. जन्म, रंग, धंदा, पैसा, गावातली पत या सगळ्यांची मिळून जी पायरी ठरे तिला ते 'कालिदाद' म्हणत. त्याला 'दर्जा' अपुरा वाटतो. मी 'कुळशील' वापरेन.

दुसरं उत्तर : सहमत. तुलना करायचीच तर जातीशी नको, धर्मशास्त्रातल्या वर्णसंकराच्या याद्यांशी करा. बाप अमुक, आई तमुक, तर मूल फलाणं, असं प्रत्येक जोडीच्या संततीला नाव देण्याचा अट्टहास दोन्हीकडे आहे. अठराव्या शतकातली 'कास्ता चित्रं' हेच करतात. बहुधा सोळा चित्रांचा संच, प्रत्येकात आई, बाप, मूल आणि खाली नाव. मिगेल काब्रेराचा १७६३ चा संच प्रसिद्ध आहे. या संचांत पुढे पुढे 'तेन्ते एन एल आइरे' (हवेत लटकून राहा) आणि 'नो ते एन्तिएन्दो' (तू मला कळत नाहीस) अशीही नावं येतात. जिवंत लेकरांना चिकटवलेली ही नावं वाचून मला आजही राग येतो. रोजच्या नोंदींत मात्र मेस्तिसो (स्पॅनिश-इंडिओ), मुलातो (स्पॅनिश-आफ्रिकी), कास्तिसो अशी थोडीच नावं दिसतात.

'कास्तिसो'बद्दल एक सावधगिरी. मेक्सिकोत तो स्पॅनिश आणि मेस्तिसो यांचं अपत्य. गोव्यातल्या पोर्तुगीजांत 'कास्तिसो' म्हणजे इथे जन्मलेलं, पण आईबाप दोघंही पोर्तुगीज असलेलं मूल. गोव्याचे संदर्भ हाताशी ठेवून लिहाल तर इथे हमखास घोळ होईल.

प्रश्नकर्ती : मग मेस्तिसोला 'संकरित' म्हणू का?

दुसरं उत्तर : नको. संकरित गाय, संकरित बियाणं. उलट विसाव्या शतकात मेक्सिकोने 'मेस्तिसो' हा शब्द राष्ट्राची ओळख म्हणून मिरवला. 'मेस्तिसो'च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'स्पॅनिश-इंडिओ मिश्रवंशीय' असा खुलासा द्या.

पहिलं उत्तर : पेनिन्सुलारला 'द्वीपकल्पीय' करू नका, मराठी वाचकाला दख्खन आठवेल. 'स्पेनमध्ये जन्मलेले' पुरे. क्रिओयो म्हणजे स्पॅनिश वंशाचे पण अमेरिकेत जन्मलेले. 'क्रिओल' लिहिलंत तर वाचक त्यांना मिश्रवंशीय समजेल. कायद्याने दोघंही स्पॅनिशच, पण व्हाइसरॉयपद जवळजवळ नेहमी पहिल्यांकडे जाई आणि चीड तिथे होती. त्या चिडीतून आलेला 'गाचुपिन' हा शब्द पेनिन्सुलारांसाठीची शिवी आहे, तो अवतरणांतच वापरा.

प्रश्नकर्ती : मोरेलोसच्या १८१३ च्या मसुद्यात गुलामगिरीबरोबर 'कास्तांचा भेद' कायमचा बंद करा असं कलम आहे. तिथे 'जातिभेद' चालेल?

पहिलं उत्तर : तिथेही 'कास्तांचा भेद'च. १८२२ मध्ये मेक्सिकोने चर्चच्या वह्यांत कास्ता नोंदवायला बंदी केली, ती या कलमाच्या पुढची पायरी आहे. 'जातिभेद' लिहिलंत तर वहीतला तो रकाना वाचकाला दिसणारच नाही.