एचओ (१:८७ स्केल) मॉडेल रेल्वेचं डिझेल इंजिन झटके देऊन राहिलं, मदत हवी आहे (अर्जंट)

पांदण_वर्धा:
माह्याकडे डब्ल्यूडीएम-२ (भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन) चं मॉडेल आहे, दिवाळीपर्यंत एकदम मस्त चाले, आता सुरू केलं की थोडं जाते, झटका मारून थांबते, मंग पुन्हा जाते. रूळ पुसले, चाकं पुसली, वायरी पाहिल्या, सगळं झालं करून. शनिवारी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात लावाचं आहे, पोट्टे वाट पाहून राहिले. काहून होत असंन? लवकर सांगा.

रूळवेडा_नाशिक:
साधा डीसी करंट की डीसीसी (रुळातून डिजिटल हुकूम)? इंजिनात आवाजवाला डिकोडर (हुकूम वाचणारी चिप) आहे का? एकाच जागी थांबतं की कुठंही? एवढं तरी लिहा हो, नुसतं "थांबते" वर आम्ही काय सांगणार.

पांदण_वर्धा:
डीसीसी. आवाज आहे. कुठंही थांबते.

सोल्डरगन:
रूळ कशानं पुसले? कोरड्या फडक्यानं काही होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, टिश्यू भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची एक बोगी (खालचा चाकांचा सांगाडा) टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर ठेवून करंट द्या, चाकं जागच्या जागी फिरतात आणि काळे पट्टे कागदावर उतरतात. मग उलटं करा. माझ्याकडे दहातले नऊ प्रॉब्लेम एवढ्यानंच जातात.

जुना_फिटर:
झिरो नंबर पॉलिश पेपर मारा रुळावर, चकाचक. आणि डब्ल्यूडीएम-२ ला सहा ॲक्सलला सहा ट्रॅक्शन मोटर असतात, एखादी कट झाली असेल तर असाच झटका बसतो. आम्ही शेडमध्ये आधी तेच बघायचो.

सोल्डरगन:
काका, मॉडेलमध्ये मधोमध एकच मोटर असते, तिच्या दोन्ही टोकांकडून शाफ्ट दोन बोग्यांना जातात. आणि पॉलिश पेपर कृपा करून नका सांगू, बारीक ओरखडे पडतात, त्यात घाण अजून लवकर धरते.

जुना_फिटर:
माझ्या नातवाच्या गाडीला वर्षानुवर्षं तोच मारतोय, काही झालं नाही.

ठाण्याचा_बंड्या:
सीव्ही ८ (डिकोडरच्या सेटिंगचा नंबर) मध्ये ८ टाका, रिसेट होईल. माझं असंच झालं होतं.

रूळवेडा_नाशिक:
बंड्या, कारण कळायच्या आधी रिसेट कशाला? बऱ्याच डिकोडरवर त्यानं सगळं सेटिंग जाऊन ॲड्रेस (इंजिनाचा नंबर) परत ३ होतो, मग ते दुसऱ्याच प्रश्नात अडकतील.
पांदण, एकच बघा. गाडी थांबते त्या क्षणी हेडलाइट विझतो का, आणि इंजिनाचा आवाज बंद पडून पहिल्यापासून स्टार्ट होतो का?

मूर्तिजापूर_एक्स्प्रेस:
मी म्हणतो वऱ्हाडात राहून ब्रॉडगेज काहून? शकुंतला, आपली नॅरोगेज गाडी, बनवा राजेहो. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, १९९४ पर्यंत वाफेवर चाले, मंग डिझेल आलं. गेज ७६२ मिमी, भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिमी, एन स्केलचा ९ मिमी रूळ चालून जाते. कोणी करत असंन तर मी फोटो देतो, माह्याकडे भल्ले आहेत.

पांदण_वर्धा:
शकुंतला नंतर पाहू भाऊ. लाइट चालूच राहते. आवाजही तुटत नाही, उलट मोटर घुर्र घुर्र करते.

रूळवेडा_नाशिक:
मग करंट पोचतोय. रूळ, चाकं, अल्कोहोल सगळं सोडा, हे गिअरचं आहे. आणि तोवर जोर देऊन पळवू नका, मोटर अडली की करंट वाढतो, डिकोडर जळेल.

ठाण्याचा_बंड्या:
हातानं रुळावर ढकलून बघा ना, कुठं अडतं ते कळेल.

सोल्डरगन:
नका ढकलू!! वर्म गिअर आहे, चाकाकडून फिरत नाही, दात तुटतील. बॉडी काढा, मोटरचा फ्लायव्हील बोटानं हळू फिरवा, जिथं घट्ट लागेल तिथं बघा कोणती बोगी. मग त्या बोगीचं खालचं प्लास्टिकचं झाकण काढा.

रूळवेडा_नाशिक:
लेआउट कुठल्या खोलीत आहे? खाली सतरंजी, गालिचा काही?

पांदण_वर्धा:
गालिचा नाई. मागच्या खोलीत आहे, तिथंच कापूस भरून ठेवला आहे ना, भाव पडला म्हणून विकला नाई अजून.

रूळवेडा_नाशिक:
अहो हे आधी सांगायचं!!

कपाशी_यवतमाळ:
तुमच्याकडे खेडा खरेदीत काय भाव आहे सध्या? आमच्याकडे ओलावा जास्त म्हणून कापून राहिले.

पांदण_वर्धा:
भाव नंतर सांगतो दादा. उघडलं. मागच्या बोगीत मधल्या ॲक्सलवर रुई अशी गच्च गुंडाळली आहे जसं चरख्यावर सूत, जुन्या ग्रीसमधी चिकटून काळी पडली. समोरच्या बोगीतही आहे थोडी. चिमटा अन् सुईनं काढून राहिलो. ग्रीस आता कोणतं लावू, घरी ट्रॅक्टरचं आहे.

सोल्डरगन:
ट्रॅक्टरचं अजिबात नको, प्लास्टिक फुगू शकतं. डब्यावर "प्लास्टिकला सुरक्षित" लिहिलेलंच घ्या, दातांवर टाचणीच्या टोकाएवढं, ॲक्सलच्या टोकांना त्याच प्रकारच्या तेलाचा एकेक थेंब. जास्त लावलं की रुई परत तिथंच बसणार.

जुना_फिटर:
झाकण बसवताना मधल्या ॲक्सलकडे लक्ष द्या. डब्ल्यूडीएम-२ च्या बोगीत मधला ॲक्सल बरोबर मध्यावर नसतो, मॉडेलातही तसंच असेल तर झाकण उलटं बसणार नाही, जबरदस्ती करू नका.

पांदण_वर्धा:
काका, तेच होऊन राहिलं होतं, झाकण बसतच नव्हतं. फिरवलं अन् खट्टकन बसलं. नागपूरहून ग्रीस आणाले सांगितलं आहे. कोरडंच थोडं चालवून पाहिलं, स्पीडच्या २८ पायऱ्यांपैकी ४ वर झटका नाई. आता शाळेत नेईपर्यंत लेआउटवर काय झाकू, मच्छरदाणी चालंन का?

रूळवेडा_नाशिक:
मच्छरदाणीच्या जाळीतून रुई येणार. जुनी प्लास्टिकची ताडपत्री टाका आणि जमलं तर कापूसच दुसऱ्या खोलीत हलवा.

कपाशी_यवतमाळ:
भाव सांगा ना भाऊ.