चित्रकारांचे नोकरीचे अर्ज: नववीच्या वर्गासाठी मार्गदर्शन हवे

रंगरेषा
नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. नववीच्या वर्गासाठी मी एक उपक्रम योजला आहे. प्रत्येकाने एका प्रसिद्ध चित्रकाराची भूमिका घ्यायची, त्याच्या नावाने नोकरीचा अर्ज लिहायचा आणि तीन वर्गमित्रांच्या मंडळापुढे मुलाखत द्यायची. पहिल्या तालमीत बहुतेक मुलांनी जन्मसाल, जन्मगाव आणि गाजलेल्या चित्रांची नावे म्हणून दाखवली. मी थोर चित्रकार आहे, म्हणून मला नोकरी द्यावी, यापलीकडे कोणाचाही अर्ज गेला नाही. मुले त्या माणसाच्या विचारापर्यंत पोहोचावीत यासाठी उपक्रमाची मांडणी कशी बदलावी?

इतिहासवाचक
मॅडम, उपक्रम फार चांगला आहे, आणि त्यासाठी एक खराखुरा अर्ज उपलब्ध आहे. सुमारे 1482 मध्ये, वयाच्या तिशीत असलेल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा आजही जतन केलेला आहे. तो मुलांना वाचून दाखवावा. त्यात ओळीने नऊ मुद्दे युद्धोपयोगी कामांचे आहेत: उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याचे उपाय, तोफा, आवाज न करता खणायची भुयारे, शत्रूच्या फळीत घुसणारे आच्छादित रथ. त्यानंतर शांततेच्या काळातील उपयोग म्हणून इमारती आणि पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची कामे येतात, आणि शिल्प व चित्रकला यांचा उल्लेख अगदी शेवटी होतो. ज्याला आपण आधी चित्रकार म्हणून ओळखतो, त्याने स्वतःची चित्रकला तळाशी का ठेवली, हा प्रश्न वर्गाला विचारावा. उत्तर लुदोविकोच्या परिस्थितीत सापडते, कारण त्या सुमारास इटलीतील राज्ये एकमेकांशी लढत होती आणि मिलानला व्हेनिसशी सामना करावा लागत होता. अर्जदाराने समोरच्याची निकड ओळखून पत्र लिहिले होते. तरीही त्याच पत्रात लुदोविकोच्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ कांस्याचा घोडा घडवण्याची तयारी दाखवून त्याने आपल्या कलेसाठी वाट मोकळी ठेवली.

पुढे घडले तेही मुलांना सांगण्याजोगे आहे. मिलानमध्ये त्याच्या हातून ‘अंतिम भोजन’ हे भित्तिचित्र झाले. घोड्याचा मातीचा प्रचंड नमुना तयार झाला, पण त्यासाठी साठवलेले कांस्य 1494 मध्ये तोफांसाठी गेले आणि 1499 मध्ये मिलान घेणाऱ्या फ्रेंच सैन्यातील धनुर्धाऱ्यांनी त्या नमुन्यावर नेम धरून तो नासवला. म्हणून माझी सूचना अशी की चित्रकाराच्या नावाबरोबर अर्जाचे वर्ष आणि अर्ज कोणाला करायचा हेही ठरवून द्यावे, आणि त्या वर्षानंतरची एकही गोष्ट अर्जात येऊ देऊ नये.

मृत्तिका
वर्षाचे बंधन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगची भूमिका घेणारा विद्यार्थी हमखास त्याच्या सूर्यफुलांच्या चित्रांपासून सुरुवात करतो आणि वर्ग त्याने स्वतःचा कान कापल्याच्या प्रसंगाची वाट पाहत बसतो. एका माणसाच्या यातनेची अशी करमणूक होऊ नये असे मला मनापासून वाटते. त्याला 1876 हे वर्ष द्यावे. सोळाव्या वर्षापासून तो गूपील या कलाविक्रेत्या कंपनीत हेग, लंडन आणि पॅरिस येथे नोकरीला होता. 1876 मध्ये ती नोकरी गेली आणि इंग्लंडमधील रॅम्सगेटच्या एका शाळेत केवळ राहण्याजेवणाच्या मोबदल्यात तो शिकवू लागला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याने लंडनच्या एका धर्मोपदेशकाला पत्र लिहून चर्चशी संबंधित काम मागितले. आपण धर्मोपदेशकाचे पुत्र आहोत, आपल्याला निरनिराळ्या भाषा येतात, हे त्याने त्यात सांगितले आहे. चित्रकार होण्याचा निर्णय त्याने 1880 मध्ये घेतला. त्यामुळे या अर्जात एकही चित्र असणार नाही, आणि विद्यार्थ्याला तेवीस वर्षांच्या बिनपगारी तरुणाचे मन समजून घ्यावेच लागेल.

जुनाफळा
वरील दोन्ही सूचना उत्तम आहेत, तरी आपल्याकडील एक नाव अवश्य घ्यावे. दादासाहेब फाळके यांना 1903 या वर्षी उभे करावे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथील शिक्षण त्यांच्या गाठीशी होते, छायाचित्रणाचा व्यवसाय त्यांनी केला होता, आणि त्या वर्षी ते पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात ड्राफ्ट्समन व छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा, म्हणजे सिनेमाचा शब्दही अर्जात येऊ नये. दुसरे असे की हा चित्रकलेचा तास आहे, तेव्हा अर्जासोबत मुलांनी स्वतः काढलेले एक रेखाटन अनिवार्य करावे. लिओनार्दोने हलक्या पुलाचे, फाळक्यांनी एखाद्या लेण्यातील खांबाचे रेखाटन आणावे. इंटरनेटवरून छापून आणलेली चित्रे स्वीकारू नयेत.

रंगरेषा
आपणा सर्वांचे मनापासून आभार. 1482, 1876 आणि 1903 ही तिन्ही वर्षे मी घेत आहे, आणि रेखाटनाची अटही घालत आहे. एक शंका उरते. मुलाखत मंडळातील मुलांना काय सांगून ठेवावे?

इतिहासवाचक
मंडळाला अर्जदाराचे चरित्र देऊ नये. नोकरी देणाऱ्याची अडचण तेवढी एका परिच्छेदात लिहून आदल्या आठवड्यात द्यावी. लुदोविको झालेल्या मुलाला वेढ्याची काळजी ठाऊक असली, तर पुलाचे वजन किती आणि तो जाळला गेला तर काय करणार, हे तो आपण होऊन विचारेल.