मदत हवी आहे: सफरचंद-रोझमेरीचा केक दोनदा मध्ये कच्चा राहिला, उद्याच लागणार आहे

चिमूटभर:
दोनदा केला. दोन्ही वेळा वरून काळपट, आत गच्च ओला. दुसऱ्या वेळी तर मधोमध खळगा पडला. पाककृतीत आहे तस्संच केलंय: मैदा २०० ग्रॅम, साखर १५०, लोणी १५०, अंडी ३, दोन सफरचंदं किसून, रोझमेरीची एक काडी, १८० वर ४५ मिनिटं. सफरचंदं शेजारच्या आजींच्या झाडाची, रोझमेरीही त्यांच्याच कुंपणातली. उद्या दुपारी त्या पहिल्यांदाच आमच्याकडे चहाला येताहेत. काय चुकतंय ते लवकर सांगा, प्लीज.

भट्टीकर:
ओव्हन पंख्याचा की साधा? टिन किती इंची? कुठे राहता?

गोडाचा_शिरा:
ओव्हनच्या नादी लागूच नका. कुकरची शिट्टी आणि रिंग काढा, तळाला मीठ पसरा, मंद आचेवर ५० मिनिटं. वीस वर्षं असाच करतेय. आणि अंडी कशाला? पाऊण वाटी दही घाला.

वसईवाली:
शिराताई, त्यांचा केक आधीच ओला राहतोय, त्यात दही? अंडी असू देत, अंड्यानेच तो धरून राहतो.
चिमूटभर, काडी अख्खी घातलीत का? ती पानं भाजल्यावरही टोचतात. अगदी बारीक चिरून एक छोटा चमचा पुरे. नाहीतर कोमट लोण्यात दहा मिनिटं ठेवून गाळून घ्या, वास छान उतरतो.

गोडाचा_शिरा:
माझ्या घरी अंडं चालत नाही आणि माझा केक कधी फुटलेला नाही. इतकंच सांगते.

चिमूटभर:
लीड्सला राहतो. इंडक्शन आहे, त्यामुळे कुकर नको. ओव्हन भाड्याच्या घरातला, बटणांवरची चित्रं पुसली गेलीत. पंख्याचा आवाज येतो. टिन आपला नेहमीचा गोल.

भट्टीकर:
आवाजावर जाऊ नका. आत मागच्या भिंतीला गोल जाळी आहे का बघा. असेल तर १८० च्या जागी १६० लावा, नाहीतर वरचा भाग आतल्याआधीच करपतो. 'नेहमीचा' म्हणजे किती? पट्टी लावून मोजा. मैद्याच्या पाकिटावर नेमकं काय लिहिलंय? सफरचंद कोणतं?

साधंवरण:
रोझमेरी मिळतेय तर पाण्यात उकळून ते पाणी केसांच्या मुळांना लावा. बहिणीचे केस गळायचे कमी झालेत.

वसईवाली:
आमच्याकडे नाताळच्या केकसाठी सुका मेवा आधीच रममध्ये भिजत घालतात. ताज्या फळाला पाणी फार सुटतं म्हणून सुकं बरं. उद्याच्यासाठी आता वेळ नाही, पण पुढच्या वेळी करून बघा.

चिमूटभर:
जाळी आहे. टिन ६ इंची निघाला. पाकिटावर 'सेल्फ रेझिंग' लिहिलंय. शिवाय दोन छोटे चमचे बेकिंग पावडर घातली, पाककृतीत होती. सफरचंदं हिरवी, ओबडधोबड, मुलीच्या दोन मुठींएवढी. इतकी आंबट की नुसती खाववत नाहीत.

भट्टीकर:
हे सगळं आधी लिहायला हवं होतं! ती ब्रॅम्ली दिसतात. इंग्लंडात ती शिजवायलाच वापरतात. नॉटिंगहॅमशायरच्या साउथवेल गावात १८०९ साली एका मुलीने पेरलेल्या बियांतून त्याचं पहिलं झाड आलं. ते शिजलं की विरघळून लगदा होतो. त्यातून तुम्ही किसलंत, म्हणजे सगळं पाणी पिठात.
तुमच्या मैद्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. वरून दोन चमचे घातल्यावर केक भसकन फुगतो आणि आत शिजायच्या आत बसतो, तो खळगा त्याचाच. पाककृती साध्या मैद्याची असणार. तुमची पावडर पूर्ण बंद करा.
६ इंचीत एवढं मिश्रण फार उंच होतं. ८ इंची टिन जवळपास पावणेदोन पट पसरट. उद्या सकाळी पहिलं काम तेच, तो आणा.
सफरचंद सोलून बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, २५० ग्रॅमच घ्या. पाककृतीतला 'दोन'चा आकडा लहान फळांसाठी असेल. मिश्रणात अलगद मिसळा, घोटू नका. १६० वर पन्नास मिनिटांनी मध्ये सुई घालून बघा, त्याआधी दार उघडू नका. वर रंग चढला आणि आत कच्चा असेल तर फॉइल ठेवा.

गोडाचा_शिरा:
फॉइलचं बरोबर आहे. कुकरमध्ये ती भानगड नसते, पण असो. आंबट फळ आहे तर दोन चमचे साखर वाढवा.

चिमूटभर:
८ इंची टिन मिळाला. केक आत जाऊन ५५ मिनिटं झाली, सुईला अजून थोडं लागतंय. वर छान सोनेरी. काढू का?

भट्टीकर:
अजिबात नको. फॉइल टाका, पाच-पाच मिनिटांनी बघा. लागलेलं पीठ आहे की सफरचंदाचा लगदा ते बोटाने बघा. लगदा असेल तर झालाय.

चिमूटभर:
६५ मिनिटांनी काढला. लगदाच होता! मध्ये बोटभर दबलाय, पण खळगा नाही. थंड झाल्यावरच कापते. अजून सहा ब्रॅम्ली उरलीत, त्यांचा मुरांबा होईल का?

वसईवाली:
लगदा होणाऱ्या फळाचा मुरांबा नको, जॅम करा. उरलेली रोझमेरी घालायची असेल तर फडक्यात बांधून.