अनुभव धागा : नड कधी पडली, कशी भागवली?

नाशिक म्हटलं की बाहेरच्यांना द्राक्षं आणि कुंभमेळा आठवतो. पण जिल्ह्याचे तालुके पंधरा. पश्चिमेला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी : पाऊस धो धो, पण भात-नागली-वरई निघाली की बरीचशी जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून. पूर्वेला येवला, नांदगाव, मालेगाव : तिथे पाऊसच बेताचा. मधे निफाड-दिंडोरीचे बागायती मळे, आणि त्या मळ्यांत राबणारे बरेचसे हात पश्चिमेकडून आलेले.

मी बारा वर्षं बचत गटांच्या वह्या तपासल्या. तेव्हापासून उत्पन्नाच्या दाखल्यावरून कुणाची गरिबी ठरवायची नाही, असं माझं मत झालंय. वर्षाला किती मिळालं हे दाखला सांगतो. कोणत्या दिवशी मिळालं नाही, ते सांगत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंनी पोराच्या तापासाठी गाभण शेळी विकली, अठराशेला. पंधरा दिवस थांबता आलं असतं तर करडांसकट ती दुप्पट पैशांना गेली असती. गटाची बैठक होती पुढच्या सोमवारी, आणि ताप आला होता मंगळवारी. आमच्या वहीत या सौद्याची नोंद कुठेच नाही. मला ती गोष्ट अजून लागते, कारण गटाच्या पेटीत त्या दिवशी सहा हजार रुपये पडून होते.

म्हणून उत्पन्न लिहू नका, नड लिहा. नावं नकोत, तालुका पुरे.

चांदवड

आमची दीड एकर स्वतःची, अडीच एकर वाट्याने. फेब्रुवारी २०२३ मध्ये लाल कांद्याची ट्रॉली बाजार समितीत नेली. लिलाव साडेतीनशे रुपये क्विंटलने झाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा होऊन हिशोबाची पट्टी हातात आली, तेव्हा लागणीच्या बायांची मजुरीसुद्धा त्यात बसत नव्हती. त्या बाया शेजारच्याच वस्तीवरच्या, रोज समोर दिसणाऱ्या. त्यांचे पैसे बुडवायचे कसे? मंडळींची गळ्यातली सोन्याची पोत गहाण टाकली आणि त्यांना दिले.

पुढे सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. पण त्याला सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. वाट्याच्या जमिनीचा सातबारा मालकाचा, तो पुण्याला. त्या अडीच एकराचं आम्हाला काही मिळालं नाही. त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली ती ४ मे २०२४ पर्यंत राहिली. नेमकी नव्या लाल कांद्याला हात लागला होता तेव्हा. पोत सोडवायला तिसरं वर्ष उजाडलं. लोक म्हणतात कांदा जुगार आहे. मला तो शब्द चालत नाही. जुगार खेळणारा उठून घरी जाऊ शकतो.

पेठ

आईबाबा द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जायचे. मी आज नर्स आहे, म्हणून हे लिहू शकतेय. आषाढात घरातली नागली सरायची. भाताची आवणी चालू, दुसरं काम नाही, हातात दमडी नाही. तेव्हा मुकादम यायचा आणि पाच हजार उचल द्यायचा. व्याज नाही म्हणायचा, आणि खरंच नव्हतं. पण दिवाळीनंतर एकरी दर ठरायचा तेव्हा बाबांना तोंड उघडता यायचं नाही. दुसऱ्याकडे जास्त मिळत असले तरी आधी याच्याकडे फेडायचं. व्याज मजुरीतून कापलं जायचं, फक्त कुठे लिहिलेलं नसायचं.

विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), घडांना पेपर लावणं, सगळं उक्तं, एकरी ठरलेल्या पैशांत. उक्त्यात जितके हात तितके पैसे, म्हणून पाचवीत मीही हात लावला. डिपिंगच्या औषधाने बोटं हिरवट व्हायची. मार्चमध्ये गावी परतलो तेव्हा शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. गुरुजींनी घरी येऊन आजीला विचारलं, पोरीला तुमच्याकडे ठेवाल का? आजीने ठेवलं. तिच्या वाटच्या भाकरीत माझी भाकरी होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

निफाड

पेठच्या ताईंचं वाचलं. मी बागायतदार, म्हणजे उचल देणाऱ्या बाजूचा. आमच्याकडेही अशीच माणसं येतात आणि दर असाच ठरतो, हे मान्य करतो. एका वर्षी काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. जो माल वाचला तो व्यापारी घेऊन गेला, त्याचा चेक वटला नाही. सोसायटीचं कर्ज थकलं. तरी माझ्या घरात धान्य होतं आणि पोरं शाळेत होती. त्या वर्षी मजुरांचे सव्वीस हजार मी चार महिने उशिरा दिले. ते चार महिने त्यांनी कसे काढले, मी विचारलं नाही.

येवला

आजी ७२च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. त्या कामांतूनच पुढे राज्यात रोजगार हमीचा कायदा आला. तिला सगळ्यात जास्त काय आठवतं, तर कामावर खायला मिळणारी सुकडी आणि आठवड्याचा पगार. मीही रोहयोवर होतो, २०२४-२५ मध्ये रोज २९७ रुपये. दर वाईट नव्हता. पण पैसे खात्यात पडायला दीड महिना लागला, आणि बाजार दर मंगळवारी. नंतर मी कमी दराने, पण संध्याकाळी रोख मिळणारं शेतातलं काम धरलं.

त्र्यंबकेश्वर

एप्रिल-मे मध्ये आमच्या पाड्यावर बायका पहाटे तीनला विहिरीवर जातात. झऱ्याला पाणी साठायला वेळ लागतो, म्हणून नंबर लावून बसायचं. ज्या घरात बाई एकटी आहे, त्या घराची दिवसाची मजुरी पाण्यात जाते. एवढंच लिहायचं होतं.

सुरगाणा

माझं किराणा दुकान आहे. अंत्योदयचं ३५ किलो धान्य घरात असलं तरी तेल, मीठ, मिरची विकतच लागते. रोज दहा रुपयांचं सुटं तेल नेणारी बाई महिनाअखेर लिटरच्या पिशवीवाल्यापेक्षा जास्त पैसे मोजते. हे तिला माझ्याइतकंच माहीत आहे. एकदम दीडशे रुपये तिच्या हातात कधी नसतात. मी हळूहळू तिला पिशवी द्यायला लागलो, पैसे रोज दहा-दहा घेतो. असं पाच घरांना करतो, सगळ्यांना करायची माझी ऐपत नाही.

आवणी लागली की माझी उधारीची वही भरायला लागते, होळीला माणसं परत आली की मोकळी होते. यंदा होळी झाली तरी सोळा नावं बाकी आहेत. त्यातली चार घरं गुजरातेत कामाला गेली ती अजून आलेली नाहीत. एका घराची म्हातारी इथेच आहे, तिला मीठ आणि चहापत्ती देतो. त्याची नोंद वेगळ्या पानावर ठेवली आहे.