टिअरड्रॉप ट्रेलरला जोडतंबू नको, सुटा जाळीतंबू घ्या: तुमचं मत काय?

दादरचा_भटक्या
मंडळी, सध्या ओळखीतले बरेच जण टिअरड्रॉप ट्रेलर बांधून घेण्याच्या विचारात आहेत आणि सोबत तंबू कोणता घ्यायचा यावर सगळे अडतात. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: गाडीमागे ओढायचा, थेंबाच्या आकाराचा छोटा ट्रेलर. अमेरिकेत १९३०च्या दशकापासून लोक घरी बांधत आले आहेत. आत नुसतं अंथरूण, बऱ्याच ट्रेलरांत ४ बाय ८ फूट, म्हणजे प्लायवूडच्या एका अख्ख्या शीटएवढं. मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा. आत ताठ उभं राहता येत नाही, म्हणून बाहेर काहीतरी आडोसा लागतोच.

तो दोन प्रकारे मिळतो. एक, ट्रेलरच्या बाजूला दारावर पट्टीत सरकवून बसवायचा जोडतंबू. दुसरा, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा सुटा तंबू, वर छत आणि चारी बाजूंना जाळी. मुंबईहून जाणाऱ्याने सुटाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आपण शनिवारी निघतो, एक रात्र राहतो, रविवारी घाटातली गर्दी व्हायच्या आत परततो. जोडतंबू लावायचा तर ट्रेलर जिथे उभा तिथेच बसायचं, मग तिथे ऊन असो की चिखल. पवनेच्या काठावर सावली एकीकडे आणि सपाट जमीन दुसरीकडे असते. सुटा तंबू उचलून आंब्याखाली नेता येतो.

आणि डास! नागाव, काशीद, दिवेआगर, कुठेही जा, दिवेलागणीला बाहेर बसणं अशक्य होतं. जाळीत बसून निवांत जेवता येतं, चारी बाजूंनी वाराही येतो.

डोंबिवलीची_मधुरा
दादा, हे मत दोन मित्र फिरायला गेले तर ठीक. मी लेक आणि सासूबाईंसोबत जाते. जाळीत कंदील लावला की आतलं सगळं बाहेरच्याला लख्ख दिसतं, आणि बाहेरचं आपल्याला काही दिसत नाही. तिथे कपडे कसे बदलायचे? रात्री दोन वाजता सासूबाईंना उठावं लागलं तर पोर्टेबल कमोड कुठे ठेवायचा? जोडतंबूत ट्रेलरचं दार उघडलं की थेट आत पाय. पाऊस असो, अंधार असो, बाहेर यावंच लागत नाही. बाईमाणसाला हा आडोसा हवाच असतो. सावलीचं नंतर बघू.

दादरचा_भटक्या
ताई, मुद्दा मान्य. पण सुट्या तंबूला बाहेरून कापडी पडदे लावता येतात. दोन बाजू बंद, दोन उघड्या ठेवायच्या. कमोडसाठी उंच, अरुंद असा चेंजिंग तंबू वेगळा मिळतो, घडी केली की आटोपशीर होतो.

डोंबिवलीची_मधुरा
म्हणजे ट्रेलर, जाळीतंबू, पडदे आणि वर आणखी एक तंबू. मग आटोपशीर ट्रेलर घेतला कशाला?

सह्याद्रीवेडा
वाऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितोय. छत्रीसारखे झटकन उघडणारे जे १० बाय १० फुटांचे मंडप असतात, ते शहरातल्या स्टॉलसाठी ठीक. मे महिन्यात भंडारदऱ्याला काजवे बघायला जाता तेव्हा वळवाचा पाऊस आला की आधी वारा येतो. तो छताखाली शिरतो आणि अख्खा मंडप उचलतो, सांध्यातल्या पट्ट्या वाकतात. वाकणाऱ्या दांड्यांचा तंबू कितीतरी बरा तग धरतो. कुठलाही घ्या, चारी कोपऱ्यांना दोर हवेतच, जमिनीशी साधारण ४५ अंशात ताणलेले.

तंबूबरोबर येतात त्या बारीक तारेच्या खुंट्या घरीच ठेवा. कोकणातल्या जांभ्यावर त्या वाकतात आणि वाळूत धरत नाहीत. जांभ्यासाठी लोहाराकडून जाड सळईच्या करून घ्या. वाळूत पिशवी भरून तिला दोर बांधा आणि पिशवी पुरा.

मधुराताई, जोडतंबूतही अडचण आहे. त्याची एक बाजू ट्रेलरच्या अंगावर असते. वारा आला की कापड रात्रभर पत्र्यावर आपटतं आणि आत झोपलेल्यांना झोप नाही.

गोरेगाव_पूर्व
माझं मत दोघांच्याही विरोधात. तंबू घेऊच नका, साधी चांगली ताडपत्री घ्या, दोन खांब आणि दोर. मुंबईकराचा खरा प्रश्न परत आल्यावर सुरू होतो: ओला तंबू वाळवायचा कुठे? गच्चीला कुलूप, बाल्कनी तीन फुटांची, आणि जुलैत कपडेच वाळत नाहीत. ओलाच गुंडाळून ठेवला तर चार-पाच दिवसांत काळे ठिपके पडतात आणि वास कायमचा बसतो. त्यात जाळीतंबूच्या शिवणीत पाणी मुरतं. ताडपत्री बाथरूमच्या दांडीवर टाकली, पंखा लावला, सकाळी कोरडी.

सह्याद्रीवेडा
वाळवण्याबाबत शंभर टक्के सहमत. म्हणून सुती कॅनव्हासच्या नादी लागू नका, दिसायला देखणा पण भिजला की उचलवत नाही. नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. पॉलिएस्टर घ्या. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, तेवढं दुकानात उलटं करून बघा.

डोंबिवलीची_मधुरा
ताडपत्रीने डास थांबतात का?

गोरेगाव_पूर्व
नाही थांबत. पावसाळी घाटात वाऱ्यामुळे फारसे नसतात, आणि झोपायला तर ट्रेलर आहेच, खिडक्यांना जाळी असते. कोकणात खाडीच्या बाजूला जाणाऱ्यांचं वेगळं, हे मान्य.

दादरचा_भटक्या
खाडीचं नाव काढलंत म्हणून सांगतो. नेहमीच्या मच्छरदाणीच्या जाळीतून डास अडतो, पण खाडीकाठची चिलटं आरामात आत येतात. त्यासाठी फार बारीक जाळी लागते. ती वारा अडवते आणि एप्रिलच्या उकाड्यात आत घामाच्या धारा लागतात. मी तरीही बारीकच घेईन, चिलटं चावल्याची खाज आठवडाभर जात नाही. आणि जाळी जमिनीपर्यंत पोचून जमिनीवर आणखी वीतभर पदर उरायला हवा. त्यावर दगड किंवा वाळू टाकता येते, नाहीतर सगळे डास खालून आत.

कल्याण_नाका
वरचं सगळं वाचलं. एक प्रश्न: पावसात ओटा भिजतो, तर मागच्या झाकणाला जोडायचा तंबू घेऊन आतच गॅस पेटवला तर चालेल ना?

सह्याद्रीवेडा
बंद कापडात अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. शेगडी किंवा कोळसा थंडीसाठी तंबूत आणणारेही भेटतात, त्यांनाही हेच सांगतो. झाकणावर नुसतं छत घ्या, किमान दोन बाजू पूर्ण उघड्या ठेवा, आणि कापड ज्योतीपासून लांब.

डोंबिवलीची_मधुरा
हेच जाळीतंबूलाही लागू आहे, पडदे सोडलेले असतील तर. दादरच्या दादांनी पडद्यांचं सुचवलं म्हणून मुद्दाम लिहितेय. माझं मत जोडतंबूचंच. पण दाराच्या बाजूने घ्यायचा आणि ओटा मागे मोकळा ठेवायचा. घेण्याआधी ट्रेलरच्या छताची जमिनीपासून उंची मोजा. बरेच जोडतंबू मोठ्या कॅराव्हॅनच्या, म्हणजे आत उभं राहता येतं अशा उंच ट्रेलरच्या मापाचे असतात, ठेंगण्या टिअरड्रॉपवर त्यांचं छत ट्रेलरकडे उतरतं आणि पाणी नेमकं दारावर साचतं.

कल्याण_नाका
आमचा अंदाजे साडेपाच फूट उंच असेल. उद्या टेप घेऊन नीट मोजतो आणि माप इथेच टाकतो.